पाण्याची लाट आन् इलेक्ट्रॉनची लाट: परात, केस आन् तुरीनं फरक कसा समजून घ्यायचा

आमच्या इकडे, भंडाऱ्याच्या बाजूला, संध्याकाळी बारावीचे आन् बीएससीचे पोट्टे माझ्याकडे फिजिक्स विचारायला येतात, आन् जवळपास सगळ्यांच्या वहीत एक चित्र राहतेच, इलेक्ट्रॉन सापासारखा वळवळत चाललेला. पहिले ते चित्र खोडा. ते एकदा डोक्यात बसलं ना, मग पुढचं काहीच सरळ बसत नाही. फरक समजायला लॅब लागत नाही, एक परात, लेझरवाला टॉर्च, डोक्यावरचा एक केस, पुठ्ठा आन् पसाभर तूर एवढ्यात काम होते, फक्त क्रम चुकवू नका.

परातीत पेरभर पाणी घ्या, दोन्ही हातांचं एकेक बोट थोडं अंतर ठेवून एकाच तालात बुडवत-काढत राहा. जरा वेळानं पाण्यावर असे पट्टे दिसतील जिथे पाणी हलतच नाही. काऊन? तर एका बोटाची लाट तिथे पाणी वर उचलून राहिली आन् दुसऱ्याची त्याच वेळी खाली दाबून राहिली, हिशेब शून्य. जिथे दोघीही वर, तिथे उंची दुप्पट. ही उंची खरीखुरी आहे, पट्टी लावून मोजता येते. गावच्या बोडीत (लहान तळ्यात) काडी टाकून बघा, ती वरखाली होते पण लाटेसोबत काठाला येत नाही, म्हणजे पाणी जवळपास जागीच राहते आन् पुढे जाते ती ऊर्जा. आन् ऊर्जा चालते उंचीच्या वर्गावर, उंची दुप्पट तर ऊर्जा चौपट. हा वर्ग लक्षात ठेवा.

रात्री लाईन गेली की दुसरा प्रयोग करा. लेझरच्या तोंडासमोर एक केस ताणून चिकटवा आन् २ मीटरवरच्या भिंतीवर उजेड पाडा. मधल्या ठिपक्याच्या दोन्ही बाजूंना उजेड-अंधाराची रांग दिसते, म्हणजे उजेडाच्या लाटाही परातीसारख्याच कुठं जुळतात, कुठं कटतात. इंग्रज शास्त्रज्ञ थॉमस यंगनं १८०३ साली सूर्याच्या किरणात बारीक कागदी पट्टी धरून असंच काहीसं दाखवलं होतं. अंधाराचे पट्टे एकमेकांपासून २ सेंटीमीटरवर असले आन् लेझर लाल, ६५० नॅनोमीटर तरंगलांबीचा (लाटेच्या दोन उंचवट्यांमधलं अंतर) असला, तर ६५० नॅनोमीटर गुणिले २ मीटर भागिले २ सेंटीमीटर, केसाची जाडी निघाली ६५ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन)! घरबसल्या. फक्त लेझर कोणाच्याच डोळ्यात जाऊ देऊ नका, जनावराच्याही नाही.

आता तूर. पुठ्ठ्याला दोन भोकं पाडून वरून दाणे सोडा, खाली दोन ढीग पडतील. एक भोक बुजवलं तर कुठंच दाणे वाढत नाहीत, कमीच होतात. ही गोष्ट फालतू वाटते पण सगळा खेळ इथेच आहे.

कारण इलेक्ट्रॉन लाट आन् दाणा, दोन्हीसारखा वागते. १९८९ मध्ये जपानात हिताचीच्या लॅबमध्ये तोनोमुरा आन् त्यांच्या सोबत्यांनी इलेक्ट्रॉन पडद्याकडे जायला दोन वाटा ठेवून एकेक करून सोडले, म्हणजे एका वेळी यंत्रात बहुतेक एकच. पडद्यावर काय आलं? ठिपके. पूर्ण ठिपका, एका जागी, दाण्यासारखा, अर्धा इकडे अर्धा तिकडे कधीच नाही. पहिले काही ठिपके कुठंही पडल्यासारखे वाटतात, पण हजारोंनी जमले की परातीसारखेच पट्टे उमटतात. पाण्याची एक लाट सगळ्या काठाला एकदम थोडीथोडी लागते, इलेक्ट्रॉनचं तसं नाही, पट्टा एकट्यात दिसतच नाही.

हिशेब वहीत करा. प्रत्येक वाटेचा हिस्सा १ धरा. तुरीसाठी १ + १ = २, सगळीकडे. इलेक्ट्रॉनसाठी आधी बेरीज, मग वर्ग: जिथे जुळते तिथे (१ + १) चा वर्ग ४, जिथे उलटं पडते तिथे (१ – १) चा वर्ग ०. सरासरी काढा, २ च येते, म्हणजे इलेक्ट्रॉन हरवले नाहीत, फक्त वाटणी बदलली. आन् ० वाल्या जागी एक वाट बंद केली की तिथे इलेक्ट्रॉन पडायला लागतात! दाण्यांत हे कधीच होणार नाही.

हा वर्ग म्हणजे शक्यता, हे जर्मन भौतिकशास्त्रज्ञ मॅक्स बॉर्ननं १९२६ मध्ये सांगितलं, आन् वर्गाची गोष्ट तर त्यानं छपाईच्या वेळी तळटीपेत घातली होती, नोबेल मिळालं १९५४ ला. मूळ लाटेची उंची मात्र कोणत्याच पट्टीनं मोजता येत नाही, ती कॉम्प्लेक्स संख्या (खरा आन् काल्पनिक असे दोन भाग असलेली) असते, म्हणून वर्ग करताना आधी तिचं परिमाण (मॉड्युलस) घ्या, नाहीतर उत्तर चुकते.

अजून एक फरक. परातीत लाट कुठून आली हे काडी टाकून पाहिलं तरी पट्टे राहतात. इलेक्ट्रॉन कोणत्या वाटेनं गेला याची पक्की खूण ठेवली की पट्टे पुसल्या जातात, मग ती खूण कोणी वाचो न वाचो.

मग क्रिकेटचा बॉल काऊन पट्टे देत नाही, हे विचारतातच. फ्रेंच शास्त्रज्ञ डी ब्रॉग्लीचं १९२४ चं सूत्र लावा, तरंगलांबी म्हणजे प्लँकचा स्थिरांक (निसर्गातला एक ठरलेला, फार बारीक आकडा) भागिले संवेग (वस्तुमान गुणिले वेग). १०० व्होल्टनं पळवलेल्या इलेक्ट्रॉनला येते ०.१२ नॅनोमीटर, अणूच्या आकाराएवढी. १६० ग्रॅमचा बॉल सेकंदाला ३० मीटरनं टाकला तर दशांश चिन्हानंतर ३३ शून्यं आन् मग १४, तेही मीटरमध्ये. एवढ्या बारीक पट्ट्यांना भिंत कुठून आणणार.

वहीत सापाच्या जागी आता दोन चित्रं काढा, वर-खाली जाणारी रेघ आन् तिच्या खाली तिच्या वर्गाप्रमाणे दाट-विरळ ठिपके. एका इलेक्ट्रॉनला हे पुरते. दोन इलेक्ट्रॉन आले की त्यांची मिळून एकच लाट होते आन् ती ६ आकड्यांवर चालते, प्रत्येकाच्या जागेचे ३-३, म्हणून परात तिथे बाजूला ठेवा आन् गणितानंच पुढे जा.