राजदूत 350 चे दोन कार्बोरेटर: साफसफाई आणि जुळणी

पावसाळाभर ठाण्यातल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये झाकून ठेवलेली राजदूत 350 ही दोन सिलिंडरची टू-स्ट्रोक मोटरसायकल दसऱ्याला बाहेर काढली की पुष्कळदा एक सिलिंडर आयडलिंगला (रेस न देता इंजिन चालू असताना) साथ देत नाही. दोष बहुधा कार्बोरेटरच्या, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाच्या, स्लो जेटमध्ये (आयडलिंगचे पेट्रोल सोडणारा बारीक छिद्राचा पितळी तुकडा) असतो. फ्लोट चेंबरमध्ये (कार्बोरेटरच्या तळाची पेट्रोलची वाटी) राहिलेले पेट्रोल उडून जाते आणि मागे चिकट थर उरतो; शिवाय आता पंपावर 20 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते, ते खाडीकाठच्या दमट हवेतला ओलावा शोषून घेते, आणि 1983 साली बाजारात आलेल्या या गाडीतले मूळ रबर अशा इंधनासाठी बनवलेलेच नव्हते.

पेट्रोलची वाफ जमिनीलगत साचत असल्यामुळे हे काम तळघरातल्या पार्किंगमध्ये न करता उघड्यावर करावे. पेट्रोल कॉक बंद करून, पाइप काढून, दोन्ही कार्बोरेटर बाहेरून रॉकेलने धुऊन घ्यावेत आणि मगच उघडावेत. डाव्या-उजव्याचे सुटे भाग वेगवेगळ्या डब्यांत ठेवावेत, कारण इतक्या वर्षांत प्रत्येक स्लाइड (रेसबरोबर वर-खाली होणारी झडप) आपापल्या बॉडीत घासून बसलेली असते. एअर स्क्रू (आयडलिंगची हवा कमी-जास्त करणारा) काढण्यापूर्वी तो हलक्या हाताने पूर्ण आत फिरवून किती फेरे बसले ते लिहून ठेवावे. स्लाइडला लटकणाऱ्या नीडलची (सुईची) क्लिप कोणत्या खाचेत आहे तेही लिहावे. फ्लोट चेंबरचे स्क्रू मऊ असतात, म्हणून खाचेत घट्ट बसणारा स्क्रू ड्रायव्हरच वापरावा.

जेट कार्बोरेटर क्लीनरमध्ये भिजवून मग उजेडासमोर धरून पाहावा. छिद्र गोल आणि स्वच्छ दिसले पाहिजे. कडेला हिरवट कड दिसली तरी जेट पुन्हा क्लीनरमध्ये भिजवावा. गॅरेजमध्ये सर्रास वापरली जाणारी पोलादी तार येथे वर्ज्य समजावी, कारण ती पितळ खरवडते आणि वाढलेले छिद्र पुन्हा लहान करता येत नाही. मासेमारीचा बारीक नायलॉन धागा पुरतो. बॉडीतल्या प्रत्येक मार्गात क्लीनर मारून तो दुसऱ्या टोकाने बाहेर पडतो का ते तपासावे. हा फवारा अनपेक्षित छिद्रातून थेट डोळ्यांवर येऊ शकतो, म्हणून चष्मा आवश्यक आहे. हवा मारण्यापूर्वी फ्लोट आणि सर्व रबर काढलेले असावे.

दुरुस्तीच्या किटमधले गॅस्केट आणि ओ-रिंग जरूर वापरावेत. जेटच्या बाबतीत मात्र माझे मत ठाम आहे की छिद्र शाबूत असलेले मूळ जेट स्वस्त किटमधल्या नव्या जेटपेक्षा विश्वासार्ह असतात. फ्लोट नीडलच्या (फ्लोट वर आला की पेट्रोल बंद करणारी सुई) टोकावर गोल चर पडली असेल तर ती बदलावी. जोडणी झाल्यावर कार्बोरेटर उलटा धरून पेट्रोलच्या नळीतून हलके फुंकावे: हवा जाता कामा नये. सुलटा केल्यावर ती गेली पाहिजे. दोन्हीकडची फ्लोटची उंची सारखी ठेवावी. स्लाइड बसवताना तिचा कापलेला भाग एअर फिल्टरकडे असावा. इंजिनाकडच्या रबराला तडा असल्यास तेथून जादा हवा शिरते, मिश्रण पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी) होते आणि टू-स्ट्रोकमध्ये त्याची परिणती पिस्टन जाम होण्यात होऊ शकते.

आता दोन्ही कार्बोरेटर सारखेच उघडतील अशी जुळणी, म्हणजे या गाडीतले खरे नाजूक काम. एअर फिल्टरची रबरे काढून ठेवून सारख्या जाडीचे दोन ड्रिल बिट, गुळगुळीत दांड्याच्या बाजूने, दोन्ही स्लाइडखाली सरकवावेत आणि आयडल स्क्रू असे लावावेत की दोन्ही बिट सारखेच अलगद धरले जातील. मग रेस अगदी सावकाश फिरवावी. दोन्ही बिट एकाच क्षणी सैल झाले पाहिजेत. एक आधी सुटला तर त्या बाजूची केबल जास्त ताणलेली आहे, तिला थोडी ढील द्यावी. याच रेसवर ऑटोल्यूब पंपाची (इंजिनात तेल सोडणारा पंप) केबलही चालते, त्यामुळे तिचा ताणही लगेच तपासावा. बिट मोजून काढून घ्यावेत.

इंजिन गरम झाल्यावर आयडलिंग ठरवावे. एअर स्क्रू बाहेर काढला की मिश्रण पातळ होते, आत घेतला की गडद (पेट्रोल जास्त). त्यानंतर येऊरचा चढ चढून पाहावा आणि परत आल्यावर दोन्ही प्लग शेजारी शेजारी ठेवावेत. दोन्ही तांबूस तपकिरी असले तर जुळणी योग्य आहे. एक पांढरट दिसला तर त्या बाजूचे जेट, रबर आणि फ्लोट पुन्हा तपासल्याशिवाय घोडबंदर रस्त्यावर वेग घेऊ नये.