ज्येष्ठांची गाडी थांबवण्याआधी हे तपासून घ्या

आई-बाबांनी गाडी चालवायची की नाही, हे नुसत्या वयावरून ठरवू नका. आधी नेमकं काय अडतंय ते बघा. रात्री समोरच्या दिव्यांनी डोळे दिपत असतील तर मोतीबिंदू असू शकतो. शस्त्रक्रिया झाली आणि डॉक्टर हो म्हणाले की बरेच जण पुन्हा व्यवस्थित गाडी चालवतात. काचबिंदूचं तसं नाही. त्यात बाजूची गेलेली नजर परत येत नाही आणि ती गेल्याचं बऱ्याचदा माणसाला कळतही नाही. म्हणून ‘मला नीट दिसतं’ एवढ्यावर थांबू नका, दृष्टिक्षेत्राची तपासणी करून घ्याच.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर निघण्याआधी ग्लुकोमीटरवर साखर बघा. ९० च्या खाली असेल तर आधी खाऊन घ्या. वाटेत दरदरून घाम आला, हात थरथरले तर गाडी बाजूला लावून लगेच साखर खा. आकडा सुधारला तरी पाऊण तास थांबा, मेंदूला सावरायला वेळ लागतो. तळपाय बधिर होऊन ब्रेक किती दाबला हेच कळत नसेल, तर मात्र गाडी नकोच.

सर्दीच्या गोळीने येणारी झोप लोक फार हलक्यात घेतात.

वयाच्या ५५ नंतर परवान्याचं नूतनीकरण ५ वर्षांपुरतंच होतं आणि त्यासाठी नमुना १-अ मधलं वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं. ते सहीपुरतं उरकू नका. त्याच निमित्ताने डोळे, साखर आणि मान पुरेशी वळते का, हे खरोखर तपासून घ्या.