शोधनिबंध पाठवण्याआधी : मांडणी आणि मौलिकता

निबंध लिहून झाला आहे आणि कोणत्या जर्नलकडे पाठवायचा तेही ठरलं आहे, असं इथे धरलं आहे.

मांडणीचं काम एका बैठकीत उरकतं. जर्नलचं टेम्प्लेट उतरवून घ्या आणि मजकूर त्यात 'फक्त मजकूर' हा पर्याय वापरून चिकटवा; नाहीतर जुन्या फाइलमधले फॉन्ट आणि अंतरं सोबत येतात. शीर्षकं हाताने ठळक करू नका, त्यांना लेखनाच्या सॉफ्टवेअरमधली शीर्षकाची तयार स्टाइल लावा. जर्नल एपीए ही लेखनशैली (सातवी आवृत्ती) मागत असेल तर चारही बाजूंना १ इंच समास, ओळींत दुप्पट अंतर आणि गोषवारा साधारण २५० शब्दांच्या आत. आयट्रिपलई ही अभियांत्रिकीतली शैली असेल तर दोन स्तंभ आणि चौकटी कंसातले संदर्भक्रमांक. छायाचित्रं निदान ३०० डीपीआयची (दर इंचात ३०० ठिपके) हवीत. स्क्रीनशॉट ताणून मोठा केल्याने त्यातला तपशील वाढत नाही.

संदर्भांसाठी झोटेरो हे संदर्भ साठवून सूची बनवणारं सॉफ्टवेअर वापरा, पण त्याने आपोआप भरलेली माहिती मूळ लेखाशी ताडून बघा. लेखकाचं नाव आणि आडनाव यांची अदलाबदल, गहाळ पृष्ठक्रमांक या चुका नेहमीच्याच.

आता मौलिकता. इथे सर्वांत जास्त ऐकू येणारा आणि सर्वांत वाईट सल्ला म्हणजे 'साम्य अमुक टक्क्यांखाली आणा'. टर्निटिन किंवा आयथेंटिकेट हे साम्य तपासणारं सॉफ्टवेअर इतरत्र छापलेल्या लेखनाशी जुळणारा मजकूर दाखवतं; चोरी झाली की नाही हे ते ठरवत नाही. २२ टक्के साम्य संदर्भसूची, संस्थांची नावं आणि ठरावीक शब्दप्रयोग यांतून आलं असेल तर ते निरुपद्रवी आहे. उलट, ६ टक्के साम्य 'चर्चा' विभागातल्या एकाच परिच्छेदात असेल आणि तिथे संदर्भ नसेल तर निबंध परत येणं रास्तच. म्हणून अहवालातून संदर्भसूची आणि अवतरणं वगळा आणि उरलेलं प्रत्येक साम्य उघडून वाचा.

खरी अडचण स्वतःच्या शब्दांत लिहिण्यात आहे. समजा, मूळ वाक्य असं आहे : 'जमिनीतला ओलावा घटला की मुळं खोल जातात, कारण वरच्या थरातलं पाणी आधी संपतं.' त्याचं 'मातीतली आर्द्रता कमी झाल्यावर मुळं खोलवर वाढतात, कारण वरच्या स्तरातलं पाणी प्रथम संपुष्टात येतं' असं करणं म्हणजे नक्कलच. वाक्याचा सांगाडा तोच राहिला, शब्द तेवढे बदलले. शेवटी संदर्भ दिला तरी वाक्यरचना उसनीच राहते.

आता त्याच माहितीला तुमच्या निबंधात काम द्या : 'वरचा थर आधी कोरडा पडल्याने मुळं खाली वळतात, असं आधीच्या अभ्यासात दिसलं आहे [४], म्हणून या प्रयोगात ओलावा दोन खोलींवर मोजला.' माहिती कशासाठी हवी आहे हे ठरलं की रचना आपोआप बदलते. ते ठरत नसेल तर वाक्य बहुधा अनावश्यक आहे. काढून टाका.

करायचं असं : लेख वाचा, बंद करा, लिहा, मग पुन्हा उघडून आकडे आणि अटी तपासा. नक्कल बहुतेक वेळा टिपणं काढतानाच शिरते. जसंच्या तसं उतरवलेलं वाक्य त्याच क्षणी अवतरणचिन्हांत टाका आणि पुढे पृष्ठक्रमांक लिहा. काही आठवड्यांनी ते वाक्य आपलं की दुसऱ्याचं, हे सांगता येत नाही.

शब्द बदलून देणाऱ्या साधनांपासून दूर राहा. संगणकशास्त्रज्ञ गियोम कबानाक आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये अशा पिळवटलेल्या शब्दप्रयोगांचा माग काढला, तेव्हा छापील निबंधांत 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स'च्या जागी 'काउंटरफिट कॉन्शसनेस' (बनावट जाणीव) सापडलं. पारिभाषिक शब्दाला पर्याय शोधायचाच नसतो. तो जुळला तर जुळू द्या.

परभाषेतून संदर्भाविना केलेलं भाषांतरही वाङ्मयचौर्यच आहे, सॉफ्टवेअरने पकडलं नाही तरी. स्वतःच्या जुन्या निबंधातली कार्यपद्धती पुन्हा वापरत असाल तर त्या निबंधाचा संदर्भ द्या. जुने निष्कर्ष मात्र नवे म्हणून छापू नका. दुसऱ्याची आकृती नव्याने रेखाटली तरी श्रेय द्यावंच लागतं, आणि बरेचदा प्रकाशकाची परवानगीही लागते.

पाठवताना समीक्षा दुहेरी अनामिक असेल, म्हणजे लेखक आणि समीक्षक यांना एकमेकांची नावं कळू द्यायची नसतील, तर फाइलच्या गुणधर्मांतून लेखकाचं नाव पुसा. निबंध एका वेळी एकाच जर्नलकडे पाठवा.