मंदीत फ्रीलान्स लेखन कसं टिकवावं, तेही दर न पाडता

कामं आटली की फ्रीलान्स लेखकाला सगळे एकच सांगतात: सकारात्मक राहा, रोज लिहा, नवं काही शिका. त्याने बिलं भरली जात नाहीत. दोन-दोन आठवडे एकाही संपादकाचं उत्तर येत नाही आणि नेमक्या त्याच वेळी जुना क्लायंट निम्म्या पैशांत काम मागतो, तेव्हा उमेद खचते. २००८ची मंदी, २०२०ची टाळेबंदी आणि नोव्हेंबर २०२२मध्ये चॅटजीपीटी आल्यानंतरची उलथापालथ, या तिन्ही काळांत माझं घर याच कामावर चाललं. त्यातून जे हाती लागलं ते इथे पायऱ्यांनी लिहिते. नमुन्याचे लेख आणि पोर्टफोलिओ तुमच्याकडे आहे, असं धरून चालते.

१. हिशेब मांडा

गेल्या १२ महिन्यांची कमाई क्लायंटनुसार लिहून काढा. निम्म्याहून जास्त पैसे एकाच ठिकाणाहून येत असतील, तर पुढची पिच, म्हणजे संपादकाला लेखाचा प्रस्ताव, कुठे पाठवायची हे ठरलंच: तिथे सोडून इतरत्र. थकलेल्या बिलांची आठवण आजच पाठवा.

२. पिचचा वार ठरवा

मन लागेल तेव्हा पिच लिहू म्हटलं की महिना जातो. आठवड्यातला एक वार ठरवा आणि त्या दिवशी तीन पिच पाठवा. वहीत तारीख, कुणाला, विषय आणि पुन्हा विचारायची तारीख असे चार रकाने आखा. आलेली उत्तरं मोजू नका, पाठवलेल्या पिच मोजा, कारण तेवढंच आपल्या हातात असतं. आठवड्याने एकदा विचारायचं. त्यानंतर दहा दिवस शांतता असेल, तर विषय मोकळा झाला असं कळवून तो दुसरीकडे द्यायचा.

३. दर सांभाळा

मी सर्वांत मोठी चूक इथे केली, म्हणून यावर सविस्तर लिहिते.

२००९मध्ये माझ्या मुख्य क्लायंटने कळवलं, "दर तीस टक्के कमी करा, काम मात्र भरपूर देऊ." मी त्याच संध्याकाळी होकार दिला. काम खरंच भरपूर आलं. पण गणित असं होतं: पूर्वी सात लेखांचे जेवढे पैसे मिळायचे, तेवढेच मिळवायला आता दहा लेख लिहावे लागत होते. ते वरचे तीन लेख माझ्या पिचच्या वेळेतून निघाले. सहा महिन्यांत माझी वही कोरी पडली, नवा क्लायंट एकही आला नाही, आणि घाईत लिहिलेले लेख नमुना म्हणून दाखवण्याच्या लायकीचे नव्हते. बाजार सुधारला, पण माझा दर जागचा हलला नाही. त्या क्लायंटच्या शिफारशीने आलेल्या दुसऱ्यानेही तोच दर गृहीत धरला. जुन्या आकड्यावर परत यायला मला जवळपास तीन वर्षं लागली.

"काहीच नसण्यापेक्षा थोडं बरं" हा सल्ला तुम्हाला शंभर जण देतील. तो पाळू नका. दर २० टक्के उतरवला तर त्याच कमाईसाठी २५ टक्के जास्त काम करावं लागतं, आणि निम्मा केला तर दुप्पट. लिहिणाऱ्याचा दिवस तेवढा ताणला जात नाही.

मग करायचं काय? दर तसाच ठेवा, काम कापा. मी आता अशा वेळी हे उत्तर पाठवते: "तुमची अडचण समजली. तुमच्या कमी झालेल्या बजेटमध्ये १,२०० ऐवजी ८०० शब्दांचा लेख देते. मुलाखत दोनऐवजी एक, आणि दुरुस्तीची फेरी एकच." पैसे कमी झाले, पण शब्दाचा आणि तासाचा दर शाबूत राहिला. बहुतेक संपादक हे मान्य करतात, कारण त्यांच्या हातात रक्कम नसते, पण लेखाची लांबी असते.

पैशांवर अडलं तर इतर गोष्टी मागा. ४५ दिवसांऐवजी १० दिवसांत पैसे. निम्मी रक्कम आगाऊ. काम मध्येच रद्द झालं तर ठरावीक मोबदला. हक्क कायमचे न देता फक्त पहिल्या प्रसिद्धीचे देणं, म्हणजे तोच लेख पुढे दुसरीकडे विकता येतो. पडत्या काळात या अटी पदरात पाडणं सोपं असतं, कारण समोरच्याला त्यासाठी लेखाची रक्कम वाढवावी लागत नाही.

हे बोलायचं तर आपला तळाचा आकडा आधी माहीत हवा. महिन्याचा खर्च, कर आणि विमा यांची बेरीज करा आणि तिला पैसे मिळणाऱ्या तासांनी भागा. कामाच्या सगळ्या तासांनी भागू नका. माझ्या दिवसातले निम्मे तास पिच, फोन आणि बिलांच्या पाठपुराव्यात जातात, त्यांचे पैसे कुणी देत नाही. निघालेला आकडा समोर चिकटवून ठेवा. दर कमी करण्याच्या मागणीला त्याच दिवशी उत्तर देऊ नका. एक रात्र जाऊ द्या. भीतीपोटी दिलेला होकार मागे घेता येत नाही.

आणि खरोखरच पैशांची निकड असेल तर? तेव्हा सवलत द्या, पण मुदत घालून आणि लेखी. बिलावर पूर्ण दर लिहा, त्याखाली वेगळ्या ओळीत "तीन महिन्यांची सवलत" म्हणून रक्कम वजा करा. २०२०मध्ये मी दोन क्लायंटना अशी बिलं पाठवली. चौथ्या महिन्यात मी सवलतीची ओळ काढून टाकली. एकाने न बोलता पूर्ण पैसे दिले. दुसऱ्याने काम थांबवलं. तेही चाललं, कारण तोपर्यंत वहीतल्या पिच चालू होत्या.

हल्ली याच मागणीचं नवं रूप आलं आहे: "मजकूर यंत्राने लिहिलाय, तुम्ही फक्त नजर टाका," आणि दर चौथा हिस्सा. या "फक्त"ला भुलू नका. चॅटजीपीटीसारखं यंत्र खोटा संदर्भही खऱ्यासारखा सफाईने लिहितं, त्यामुळे प्रत्येक नाव, तारीख आणि अवतरण मुळाशी जाऊन तपासावं लागतं. बऱ्याचदा ते नव्याने लिहिण्याइतकंच वेळखाऊ होतं. घ्यायचंच असेल तर शब्दांवर घेऊ नका, तासांवर घ्या.

४. करारात यंत्राचं कलम घाला

अमेरिकेतल्या पटकथालेखकांच्या संघटनेने २०२३मध्ये १४८ दिवस संप केला. त्यानंतरच्या करारात असं ठरलं की कंपनी लेखकावर यंत्र वापरण्याची सक्ती करू शकत नाही, आणि दिलेला मजकूर यंत्राचा असेल तर तसं सांगणं कंपनीला बंधनकारक आहे. एकट्या लेखकामागे अशी संघटना नसते, पण ही दोन वाक्यं आपल्या करारात लिहायला कुणाची हरकत नसावी. मी लिहिते. आजवर एकाच क्लायंटने ती खोडली.

५. फोन उचला

पडद्यापुढे बसून जमवलेली माहिती आता कुणीही काही सेकंदांत जमवतो. लेख ज्या कामावर आहे ते ज्याने स्वतःच्या हाताने केलं आहे त्याच्याशी बोलणं, मूळ कागद मागवून वाचणं, जागेवर जाऊन पाहणं, आणि चूक निघाली तर आपल्या नावानिशी जबाबदारी घेणं, याला अजून किंमत आहे. पिचमध्ये "मी अमुक तिघांशी बोलणार आहे" हे एक वाक्य असलं, तरी संपादकाचं उत्तर येण्याची शक्यता वाढते असा माझा अनुभव आहे.

६. दोन-तीन लेखकांशी दर बोला

आपला दर लपवण्याची सवय फक्त क्लायंटच्या फायद्याची आहे. मी तीन मैत्रिणींबरोबर महिन्यातून एकदा खरे आकडे सांगते. नाकारलेली कामं आम्ही एकमेकींकडे वळवतो. एकटेपणाही त्यानेच कमी होतो.

७. दर वाढवण्याची तारीख आजच लिहा

मंदी संपली असं पत्र कुणी पाठवत नाही. म्हणून वहीच्या शेवटच्या पानावर सहा महिन्यांनंतरची एक तारीख लिहून ठेवा. त्या दिवसापासून प्रत्येक नव्या क्लायंटला वाढीव दर सांगायचा. असे दोन क्लायंट मिळाले, की जुन्यांना एक महिन्याची पूर्वसूचना पाठवायची. पत्र दोन ओळींचं असावं: नवा दर आणि तो कधीपासून लागू. कारण लिहायचं नाही.