मानसिक संकटाच्या वेळी गावात धावून जाताना या चुका टाळा

मानसिक संकटात सापडलेल्या माणसाकडे पोलिसांऐवजी एक आरोग्यकर्मी आणि एक समुपदेशक पाठवण्याची पद्धत अमेरिकेतील यूजीन शहरात १९८९ मध्ये सुरू झाली. विदर्भातील खेड्यांत असे स्वतंत्र फिरते पथक क्वचितच दिसते. आपल्याकडे आशाताई, पोलीस पाटील, १०८ रुग्णवाहिकेतील डॉक्टर आणि ग्रामीण रुग्णालयातील कर्मचारी हेच ऐनवेळी एकत्र येतात. कोणी काय करायचे हे आधी ठरलेले नसल्यामुळे त्यांच्याकडून होणाऱ्या चुका जिवावर बेतू शकतात.

सर्वांत जास्त नुकसान गर्दी करते. घराचे दार आतून लावलेले, अंगणात निम्मे गाव जमलेले, कोणी मोबाइलवर चित्रीकरण करतो आहे, कोणी बाहेरूनच कर्जाचा आणि बायकापोरांचा हवाला देऊन ओरडतो आहे, अशा गोंगाटात आतला माणूस अधिकच घाबरतो. सायरन गावाबाहेरच बंद करावा, पोलीस पाटलांनी लोकांना पांगवावे आणि बोलणारी व्यक्ती एकच ठेवावी. ती ओळखीची असल्यास उत्तम. तिने उंबऱ्याजवळ खाली बसून ‘भाऊ, मी इथंच बसून आहे, काही घाई नाही, पाणी देऊ का?’ एवढेच म्हणावे आणि उत्तराची वाट पाहावी. आतल्या माणसाला भासामुळे ऐकू येणारे आवाज खोटे आहेत हे पटवण्याच्या भरीस पडू नये. ‘तुम्हाला भीती वाटते आहे, हे मला कळतं’ असे म्हटल्यानेही ताण उतरू लागतो. जिवाचे काही बरेवाईट करण्याचा विचार मनात आहे का, हे मात्र शांतपणे आणि स्पष्ट विचारावे, कारण विचारल्याने तो विचार नव्याने मनात येत नाही.

दुसरी गंभीर चूक म्हणजे बरळणाऱ्या, अडखळणाऱ्या माणसाला दारुडा किंवा अंगात आलेला समजून शारीरिक तपासणी टाळणे. फवारणीच्या दिवसांत तर हा धोका मोठा असतो. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले होते. तोंडाला लाळ, दरदरून घाम, बारीक झालेल्या बाहुल्या आणि श्वासाला त्रास ही लक्षणे दिसली, तर आधी विषबाधेची शंका घ्यावी. उलटी करवू नये, मिठाचे पाणी पाजू नये. हातमोजे घालून अंगावरचे कपडे काढावेत, त्वचा साबणाने धुवावी आणि कीटकनाशकाचा डबा सापडल्यास तो सोबत न्यावा, म्हणजे डॉक्टरांचा वेळ वाचतो. रक्तातील साखर तपासण्यासही विसरू नये.

दोरीने किंवा साखळीने बांधून बंडीत टाकून नेणे हा उपाय नव्हे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ९५ ने साखळीने बांधण्यास मनाई केली आहे, तर कलम १०० नुसार पोलिसांनी संरक्षणात घेतलेल्या व्यक्तीला कोठडीत ठेवता येत नाही आणि २४ तासांच्या आत सरकारी आरोग्य संस्थेत न्यावे लागते.

आत्महत्येच्या प्रयत्नानंतर गुन्हा दाखल होईल या भीतीने घरचे लोक खरी हकीकत लपवतात आणि त्यात मोलाचा वेळ जातो. याच कायद्याच्या कलम ११५ नुसार, अन्यथा सिद्ध न झाल्यास अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि तिला शिक्षा होत नाही. रुग्णालयात एमएलसी (वैद्यकीय-कायदेशीर प्रकरण) म्हणून नोंद होते, पण ती कार्यपद्धतीचा भाग आहे. हे पथकाने दारातच घरच्यांना समजावून सांगावे.

मेळघाटातून किंवा गडचिरोलीच्या आतल्या गावातून रुग्णाला थेट नागपूरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाकडे पिटाळण्याची घाईही टाळावी. कलम ९४ प्रमाणे तातडीच्या प्रसंगी कोणताही नोंदणीकृत डॉक्टर ७२ तासांपर्यंत उपचार देऊ शकतो, त्यामुळे जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात सुरुवात करता येते. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर चोवीस तास सल्ला मिळतो.

रुग्ण घरी परतला की पथकाचे काम संपले असे मानले जाते, आणि ही चूक मला सर्वांत जास्त सलते, कारण परतल्यानंतरचे आठवडेच धोक्याचे असतात. घरातील कीटकनाशक कुलपात ठेवून किल्ली दुसऱ्या कोणाकडे द्यावी, गोळ्या कोण देणार हे ठरवावे, पुढच्या तपासणीची तारीख कागदावर लिहून द्यावी आणि आशाताईंनी त्या आठवड्यातच पुन्हा घरी जाऊन यावे.