मुलांचं पुस्तक छापायला टाकायच्या आधी (आणि त्याच्याही आधी डमी)

दुसरं पुस्तक महिन्याभरात छापायला टाकायचंय आणि पहिल्याचे गठ्ठे अजून पलंगाखाली आहेत. झाडू मारताना रोज हाताला लागतात. म्हणून ही यादी करून ठेवतीये, आणि इथं सांगलीत विश्रामबागेतल्या दोघी मैत्रिणीही मुलांसाठी लिहायला लागल्यात, त्यांना दर वेळी फोनवर सगळं पहिल्यापासून सांगायचा कंटाळा आला, हेही एक कारण.

तर पहिलं काम, डमी करा. गोष्ट लिहून झाली की चित्रकाराला फोन करायच्या आधी. सहा ए-फोर कागद घ्या, एकावर एक ठेवून मधोमध घडी घाला, घडीवर सुईदोऱ्यानं दोन टाके मारा, झालं चोवीस पानांचं पुस्तक. पेन्सिलीनं पानांचे नंबर टाका, मजकूर प्रिंट काढून, कापून चिकटवा, चित्राच्या जागी नुसते गोळे काढले तरी चालतील. आणि मग पानं उलटा, खरोखर हातानं उलटा. मोबाईलवर पीडीएफ वरखाली सरकवणं म्हणजे डमी नव्हे. मी तेच केलं होतं.

काय झालं ते सांगते म्हणजे कळेल. गोष्ट अशी होती की एक शेळी मार्केट यार्डात हळदीच्या गोदामात शिरते आणि पिवळीधमक होऊन बाहेर येते. सतराव्या पानावर ती आत शिरते. सतरावं पान उजवीकडचं, म्हणजे तिथं मूल थांबणार, पान उलटणार आणि अठराव्यावर एकदम पिवळी शेळी. अख्खं पुस्तक त्या एका पान उलटण्यासाठी लिहिलं होतं म्हणा ना. आणि बरोब्बर मध्यावर, बारा-तेरावर, दोन पानं मिळून एक चित्र होतं, शेळी पेठेतून पळतीये, डोकं तेराव्या पानावर, शेपूट बाराव्यावर.

छापायला जायच्या दोन दिवस आधी एका ज्येष्ठांचा आशीर्वादाचा मजकूर आला. नाही कसं म्हणायचं, घातला तिसऱ्या पानावर, शेवटचं कोरं पान होतं ते भरलं, चोवीसचे चोवीसच राहिले आणि मी खूश, की बघा कसं बसलं. पण त्या एका पानानं पुढचं सगळं एकेक घर सरकलं. शेपूट गेलं तेराव्या पानावर आणि डोकं पान उलटल्यावर चौदाव्यावर. आणि गोदामात शिरणारी पांढरी शेळी अठरावर, पिवळी शेळी एकोणीसवर, शेजारी शेजारी. प्रेसमधल्या मुलानं विचारलंही होतं, मॅडम फायनल ना? फायनल म्हटलं मी. मोबाईलवर ते चित्र तसंही अर्धं अर्धंच दिसत होतं, त्यामुळे काही वावगं वाटलं नाही.

नंतर तासगाव रस्त्याच्या एका शाळेत दुसरीच्या वर्गात वाचायला गेले. पुस्तक मुलांकडे धरलं, आवाज बारीक केला, "आणि मग ती हळूच आत शिरली..." आणि पहिल्या रांगेतली एक पोरगी तोंडावरचा हात काढून म्हणाली, "बाई, पिवळी झालीया की ती, हितं दिसतंय." सगळा वर्ग हसला. मी पण हसले, दुसरं काय करणार. पाचशे प्रती.

तर डमी. घडी घातलेली, टाके मारलेली. आणि एकदाच करून भागत नाही, एक ओळ इकडची तिकडं झाली, एक पान घुसलं, एक चित्र काढलं की नवी करायची. या वेळच्या पुस्तकाची चौथी डमी चालू आहे आणि नवरा म्हणतो घरात ए-फोरचं रीम टिकत नाही. न टिकू दे.

आशीर्वाद, मनोगत, ऋणनिर्देश वगैरे मुलं वाचत नाहीत. घालायचंच असलं तर मलपृष्ठाच्या आतल्या बाजूला घाला, तिथं ते कुणाच्या अध्यातमध्यात येत नाही.

गोष्टीबद्दल फार सांगत नाही, ती तुमची तुम्हाला. फक्त शेवटी तात्पर्य चिकटवलं असेल तर ते फाडा. आणि डमी हातात घेऊन खऱ्या पोरांना वाचून दाखवा, तुमच्या नाही, तुमची कौतुक करतात, शेजारच्यांच्या पोरांना. कुठल्या पानावर मूल पाणी प्यायला उठतंय तिथं पेन्सिलीनं फुली मारा. तीन जणं एकाच पानावर उठली तर ते पान वाईट आहे, वाद घालू नका. जोडाक्षरांचा बाऊ मात्र करू नका. पहिलीच्या मुलांसाठी लिहिताना जोडाक्षरं कमी ठेवा हे खरंच, पण मला एका बाईंनी 'द्राक्ष' काढायला लावलं होतं, दोन जोडाक्षरं आहेत म्हणून! अहो तासगावातलं पोरगं हा शब्द पेट्यांवर बघत मोठं होतं, ते 'बदक'च्या आधी 'द्राक्ष' वाचतं. बोलीचंही तेच, शेळीवाल्या आजीला मी 'न्हाई' म्हणायला लावलंय, आणि नातेवाइकांनी शुद्ध लिही म्हणून सांगितलं तरी ते तसंच राहणारे.

भिलारला एक दिवस जाऊन या. महाबळेश्वर-पाचगणीला जाताना नुसतं फाट्यावरून पुढं जातो आपण. पुस्तकांचं गाव आहे ते, ४ मे २०१७ला सुरू झालं, लोकांच्या घराघरात विषयवार पुस्तकं ठेवलीत, त्यात बालसाहित्यही आहे. तिथं तुम्ही वाचू नका, एका कोपऱ्यात बसून मुलं काय उचलतात आणि किती वेळात खाली ठेवतात ते बघा.

आता चित्रकार. पैसे आणि तारीख लिहून ठेवा हे सांगायला नको. पण हक्काचंही लिहा, कागदावर, सहीनिशी. कॉपीराइट कायदा १९५७चा आहे, आणि त्यात हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी लागतं, मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षंच धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणजे सहा वर्षांनी तुम्ही दुसरी आवृत्ती काढायला गेलात आणि चित्रकाराशी बिनसलेलं असलं तर बसा. चित्रकारालाही डमी द्या. डमीच. 'सतराव्या पानाचं चित्र' असं फोनवर सांगितलं तर त्याला ते डावीकडं येतंय की उजवीकडं हे कळत नाही, आणि घडीत येणारी जागाही कळत नाही. मधलं पान सोडून दुसरीकडं जोडचित्र असेल तर घडीवर कुणाचा चेहरा येऊ देऊ नका, दोन वेगवेगळे कागद असतात ते, जरा इकडंतिकडं होणारच, आणि मग शेळीचे डोळे वरखाली.

चित्रं व्हॉट्सअपवर फोटो म्हणून मागवू नका, तो दाबून बारीक करतो, स्क्रीनवर छान दिसतं आणि छापल्यावर कडा फुटलेल्या. ड्राइव्हवर घ्या, छापायच्या मापात ३०० डीपीआय (इंचात तेवढे ठिपके), चारी बाजूंनी ३ मिलीमीटर ब्लीड, म्हणजे कापताना जाणारी जास्तीची कड. रंग सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शायांत. माझी हळद स्क्रीनवर अशी झगझगीत होती, छापून आली ती किंचित हिरवट, कारण त्या पिवळ्यात निळा मिसळलेला होता आणि मी रंगाचं प्रूफ, म्हणजे आधी छापून बघायचा नमुना, मागितलंच नाही. हळदीच्या गावात राहून हिरवी हळद छापली मी. अक्षरं फक्त काळ्या शाईत ठेवा, चार रंग मिसळून केलेला काळा जरा सरकला की अक्षरांना भुतं दिसतात.

अक्षरांवरून आठवलं. युनिकोडमध्ये टाइप केलेलं प्रेसमध्ये जुन्या फॉन्टात घेतात तेव्हा काय काय उडतं ते बघून घ्या. सगळ्यात आधी मरतो तो 'पायऱ्या', 'दुसऱ्या'मधला अर्धा र. तो 'पायर्या' होतो, आणि मोठा माणूस वाचून पुढं जातो पण नुकतं वाचायला शिकलेलं मूल तिथं अडकतं आणि त्याला वाटतं आपलंच चुकलं. ल आणि श मराठी वळणाचे हवेत, हिंदी वळणाचे नकोत, शासन निर्णय आहे अक्षरांच्या वळणाबद्दल आणि शाळेत तेच शिकवतात. फॉन्ट निवडतानाच 'लाल शाल' टाइप करून बघायचं, दोन सेकंदांचं काम. टाइप मोठा ठेवा, सहा-सात वर्षांच्या मुलांना अठरा पॉइंटच्या खाली नको. आणि प्रूफ कागदावर वाचा, शेवटच्या शब्दापासून उलटं वाचा, मग चुका सापडतात. आणि तेच शेवटचं प्रूफ प्रेसच्या फाइलमधून पाठपोट काढून, घडी घालून, टाके मारून परत डमी करा. हो परत. फायनल म्हणायच्या आदल्या दिवशी. मी ही एकच गोष्ट केली असती तर शेपूट-डोकं तिथंच दिसलं असतं, दहा रुपयांच्या कागदात.

कागदाचं प्रेसवाल्यांशी समोर बसून बोला. पानं चारच्या पटीत, पिनिंग, म्हणजे घडीवर पिना मारून बांधणी, असेल तर दुसरा इलाजच नाही. आकार मनानं ठरवू नका, मला चौकोनी हवं होतं तर कागद किती वाया जातो ते त्यांनी पट्टी लावून दाखवलं. २३ × ३६ इंचाच्या कागदात साडेआठ × अकराची एका बाजूला आठ पानं नीट बसतात, दोन्हीकडून सोळा, हा झाला एक फर्मा, म्हणजे चोवीस पानांचा दीड फर्मा. आर्ट पेपर १३० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे कागदाचं वजन) चालतो, पण ट्यूबलाइटखाली फार चमकतो, वर्गात मागच्या पोरांना चित्राऐवजी ट्यूब दिसते, म्हणून या वेळी मी मॅट घेतीये. कव्हर ३०० जीएसएम, मॅट लॅमिनेशन. लहानग्यांसाठी असेल तर कोपरे गोल करून मिळतात का विचारा.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाच्या ओळखीचा नंबर, फुकट मिळतो, राजा राममोहन रॉय नॅशनल एजन्सीकडून, ऑनलाइन अर्ज करायचा. कुणी पैसे घेऊन काढून देतो म्हणाला तर हात जोडा. पण वेळ लागतो, त्यामुळे कव्हर तयार झालं की लगेच टाका, छपाईच्या आठवड्यात नाही. तेरा आकडे असतात, एकेक मोठ्यानं वाचून ताडून बघा. ई-बुक काढणार असाल तर त्याला वेगळा नंबर.

किंमत. छापील पुस्तकावर जीएसटी नाही पण छपाईच्या बिलावर लागतो, तो दर आधीच विचारा. दुकानदार चाळीस टक्क्यांच्या आसपास कमिशन मागतात, तेव्हा छपाई खर्चाच्या दुपटीत किंमत ठेवली तर हातात फुटाणे. पहिल्यांदा तीनशेच छापा. पाचशे म्हणजे किती हे पलंगाखाली वाकल्यावरच कळतं.

गठ्ठे तळमजल्यावर ठेवू नका. सांगलीत राहणाऱ्याला हे सांगायची वेळ येऊ नये, पण २०१९च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं होतं तेव्हा कुणाकुणाची काय पुस्तकं गेली ते ऐकलंय. मी पहिल्या मजल्यावर राहते, म्हणून पलंगाखाली.

प्रकाशन समारंभाचं काही सांगत नाही, हॉल, हार, चहा, ते सगळ्यांना येतं. फक्त पाहुण्यांच्या भाषणांआधी मुलांना पुस्तक वाचून दाखवा, नंतर मुलं राहत नाहीत. १४ नोव्हेंबरला करू नका, सगळ्या शाळांचे कार्यक्रम असतात, कुणी येत नाही. संक्रांतीला औदुंबरच्या साहित्य संमेलनाला पाचपन्नास प्रती घेऊन जा, वाचणारी माणसं भेटतात.

पोस्टानं पाठवायचं तर जुनं बुक पोस्ट बंद झालंय, १ मे २०२५पासून ज्ञान पोस्ट आहे, काउंटरवर त्याच नावानं मागा. पुस्तकात जाहिरातीचं पत्रक घालून पाठवू नका, चालत नाही.

आणि राहिलं ते कायद्याचं, १९५४चा कायदा आहे, प्रकाशनानंतर तीस दिवसांत कोलकात्याच्या नॅशनल लायब्ररीला एक प्रत आणि चेन्नई, मुंबई, दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना एकेक, पोस्टखर्च आपला. मी गेल्या वेळी चार महिन्यांनी पाठवल्या, त्याही शेपूट एका पानावर नि डोकं दुसऱ्या पानावर असलेल्याच, म्हणजे ती शेळी आता चार शहरांत तशी जपून ठेवलेली असणार.