रिसीव्हरचे आकडे वाचताना या चुका टाळा

अमेरिकन फुटबॉलमध्ये कोणता रिसीव्हर (म्हणजे फेकलेला चेंडू झेलणारा खेळाडू) भारी, हा वाद निघाला की गाडी हमखास एकाच प्रश्नावर येते: यार्ड, म्हणजे पास झेलून पुढे नेलेलं अंतर, कुणाचे जास्त? आकडे निरुपयोगी आहेत असं मी म्हणणार नाही. पण रिसीव्हरच्या नावापुढचा आकडा त्याच्या एकट्याचा नसतो. तो तसा वाचला, तर चांगल्या खेळाडूंवर अन्याय होतो.

सगळे यार्ड रिसीव्हरच्या खात्यात टाकणं

क्रिकेटवर वाढलेल्या आपल्या मंडळींकडून ही चूक सहज होते. फलंदाजाच्या धावा त्याच्या बॅटमधून निघतात. रिसीव्हरकडे मात्र आधी कुणीतरी चेंडू नीट फेकावा लागतो. रँडी मॉस २००६ मध्ये ओकलंड रेडर्सकडून खेळत होता. ४२ कॅच, ५५३ यार्ड, ३ टचडाउन (प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या पट्ट्यात चेंडू पोहोचवून मिळवलेले गुण). संघाने १६ पैकी दोनच सामने जिंकले आणि मॉस संपला, अशी चर्चा सुरू झाली. पुढच्या मोसमात तो न्यू इंग्लंडच्या संघात गेला, तिथे चेंडू फेकायला टॉम ब्रेडी होता: ९८ कॅच, १,४९३ यार्ड, २३ टचडाउन. एका मोसमातल्या टचडाउन-कॅचचा तो विक्रम ठरला. ओकलंडमध्ये तो १३च सामने खेळला आणि त्याचं मनही लागत नव्हतं, हे मान्य. तरी एवढा फरक एकट्या मॉसमध्ये पडला, हे मला पटत नाही.

सामने आणि फेकी न मोजता तुलना करणं

कॅल्विन जॉन्सन, २०१२: १,९६४ यार्ड. कूपर कप, २०२१: १,९४७ यार्ड. जवळपास बरोबरी वाटते. पण जॉन्सनला १६ सामने मिळाले, कपला १७. म्हणजे सामन्यामागे साधारण १२३ विरुद्ध ११५. मग जॉन्सन सरस? थांबा. दोघांचाही क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा, एकच, मॅथ्यू स्टॅफर्ड. २०१२ मध्ये त्याने ७२७ पास फेकले, २०२१ मध्ये ६०१. टचडाउन पाहिले तर जॉन्सनचे ५, कपचे १६. एका आकड्यावर निकाल देणाऱ्याने यातला कुठला आकडा निवडायचा?

काळ विसरणं

डॉन हटसनने १९४२ मध्ये १,२११ यार्ड केले, जेरी राइसने २००२ मध्येही नेमके १,२११. पण हटसनचे ११ सामन्यांत, महायुद्धाच्या धामधुमीत आणि पास कमी फेकले जात त्या काळात. राइसचे १६ सामन्यांत. शिवाय १९७८ पासून खेळ सुरू होतो त्या रेषेपासून पाच यार्डांपुढे रिसीव्हरला धक्काबुक्की करायला बंदी आली, त्यानंतरचे आकडे फुगणारच.

नोंदीत नसलेलं काम शून्य धरणं

बचावपटूने नियमबाह्य अडवलं तर संघाला यार्ड मिळतात, रिसीव्हरच्या खात्यात काहीच नाही. हाइन्स वॉर्ड या रिसीव्हरचं ब्लॉकिंग, म्हणजे सहकाऱ्यासाठी बचावपटूंना अडवणं, कुठल्याच यार्डांत दिसत नाही. दोन बचावपटूंना आपल्यामागे ओढून सहकाऱ्याला मोकळं करणाराही कोराच राहतो. ‘ड्रॉप’, म्हणजे हातातून सुटलेले पास, किती, हे तर बऱ्याच अंशी मोजणाऱ्याच्या नजरेवर ठरतं.

आकड्यांवरच बोलायचं असेल, तर क्वार्टरबॅक बदलल्यावर खेळाडूचं काय झालं ते आधी बघा. राइसने जो मॉन्टानाचे पास झेलले, मग स्टीव्ह यंगचे, आणि ते १,२११ यार्ड त्याने केले ते ओकलंडमध्ये, रिच गॅननच्या पासवर, त्याच मोसमात वयाची चाळिशी गाठताना.